स्वतंत्र बँडचा हिशेब

2010 च्या जुलैमध्ये दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडनं एक नवं गाणं आपल्या संकेतस्थळावर ठेवलं आणि ज्याला हवं त्यानं ते फुकट उतरवून घ्यावं, असं जाहीर केलं. पुढे महिन्याला एक याप्रमाणं सात गाणी आली आणि ‘16/330 खजूर रोड’ हा अल्बम पुरा झाला. या निर्णयाचं कौतुक करणाऱ्यांनी त्यात कलावंताचं औदार्य पाहिलं, तर धंद्यातल्या शहाण्यांनी वेडेपणा. मला त्यात दोन्ही दिसत नाही. वीस वर्षं मंचावर वाजवून आलेल्या लोकांनी आपल्या जमाखर्चाची वही शांतपणे वाचली होती, एवढाच त्याचा अर्थ. ‘इंडी’ किंवा स्वतंत्र संगीताबद्दल आपल्याकडे बोलताना बंडखोरी, तत्त्वनिष्ठा, बाजाराला नकार असे मोठे शब्द सहज येतात. इंडियन ओशनची कारकीर्द नीट पाहिली तर वेगळंच काही दिसतं. बँडचं स्वातंत्र्य त्याच्या पोटाची सोय कुठून होते यावर उभं असतं. बाकीचा बाणेदारपणा त्यानंतर परवडतो.

नव्वदच्या दशकातला बाजार आठवला की हे स्पष्ट होतं. कॅसेट कंपनी ध्वनिमुद्रणाचा खर्च करायची, जाहिरात करायची, पुढे व्हिडिओही काढायची. बदल्यात ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे जायची आणि कलावंताच्या हाती विक्रीतला छोटासा वाटा यायचा. 1995 मध्ये अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’नं या व्यवहारातून केवढं यश मिळू शकतं ते दाखवलं आणि इंडीपॉपची लाट आली. ती लाट कंपन्यांच्या पैशावर आणि टीव्हीवरच्या व्हिडिओंवर चालली होती. नव्या शतकाच्या सुरुवातीला कंपन्या पुन्हा चित्रपटसंगीताकडे वळल्या, तेव्हा त्या लाटेतले कितीतरी गायक पाहता पाहता दिसेनासे झाले. त्यांच्या गळ्याला काही झालं नव्हतं. फक्त खर्च करणारा माणूस उठून गेला होता. इंडियन ओशनचाही पहिला अल्बम 1993 मध्ये एचएमव्हीनंच काढला होता. म्हणजे कंपनीचं दार त्यांना बंद होतं असं नाही. मात्र त्या दारातच बसून राहण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही, कारण त्यांचं खरं काम दुसरीकडे चाललं होतं.

सुश्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व आवाज यांच्या जोडीतून 1990 मध्ये हा बँड उभा राहिला. पुढच्या वर्षी बास गिटार घेऊन राहुल राम आले, 1994 मध्ये ड्रम्सवर अमित किलम. बँडचा दुसरा अल्बम ‘डेझर्ट रेन’ 1997 चा, आणि तो स्टुडिओतला नव्हे. ‘सहमत’ या संस्थेच्या दिल्लीतल्या कार्यक्रमात वाजवलेलं संगीत आहे ते. ‘कंदिसा’ 2000 मध्ये आला, ‘झिनी’ 2003 मध्ये. तेरा वर्षांत चार अल्बम. कुठल्याही कंपनीच्या व्यवस्थापकाला हा वेग आळशीपणाचा वाटेल. पण करोल बागेतल्या खजूर रोडवरच्या जुन्या घरात वर्षानुवर्षं तालीम चालायची, तिथं बसवलेलं गाणं कार्यक्रमांतून लोकांपुढे जायचं, श्रोत्यांच्या प्रतिसादानं कुठं लांबायचं, कुठं आटोपतं व्हायचं, आणि असं पुरेसं मुरल्यावर मग ध्वनिमुद्रित व्हायचं. ‘कंदिसा’त मोजकी सात गाणी आहेत आणि त्यांतली बरीच चित्रपटातल्या गाण्याच्या वेळेत मावणारी नाहीत. सुरुवातीला गिटार एकच छोटी सुरावट पुन:पुन्हा फिरवत राहते, मग तबला आणि ड्रम्स दोन बाजूंनी ठेका धरतात, आणि शब्द येईपर्यंत श्रोता त्या लयीत पुरता अडकलेला असतो. रेडिओसाठी असं गाणं कुणी बांधणार नाही. ते समोर बसलेल्या माणसांसाठी बांधलेलं असतं, आणि तीच माणसं तिकिटाचे किंवा आयोजकामार्फत बिदागीचे पैसे देत असतात. ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्यासाठीच संगीत घडतं, हा नियम इथंही लागू आहे. फक्त इथं तो नियम बँडच्या बाजूनं वळला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. एचएमव्ही झाली, ‘कंदिसा’साठी टाइम्स म्युझिक झाली, पुढे चित्रपटही केले, मग हे स्वतंत्र कसले? आक्षेप रास्त आहे, पण तो स्वातंत्र्याला सोवळं समजतो. बँडनं कुणाकुणाला शिवायचं नाही, हा प्रश्नच नाही. कुणाला नाही म्हटलं तरी चूल बंद पडणार नाही, हा प्रश्न आहे. अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’चं उदाहरण या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट न्यायालयाच्या स्थगितीमुळे अडकला आणि फेब्रुवारी 2007 मध्येच इथल्या चित्रपटगृहांत पोचला. केवळ चित्रपटांवर जगणाऱ्या संगीतकाराचं काम अशा वेळी डब्यात कुजतं. पीयूष मिश्रा यांच्या शब्दांचं ‘बंदे’ मात्र चित्रपट बंद असतानाही लोकांच्या तोंडी गेलं आणि बँडच्या कार्यक्रमांत हक्काची फर्माईश होऊन बसलं. चित्रपटासाठी केलेलं गाणं मंचानं दत्तक घेतलं. 2015 च्या ‘मसान’चं संगीतही त्यांचंच, तिथंही वरुण ग्रोव्हर यांचे शब्द आणि बँडचा संथ, मातकट आवाज यांनी बनारसच्या त्या गोष्टीला आपला स्वभाव दिला. चित्रपटाचा पैसा त्यांना नक्कीच उपयोगी पडला असेल, पण तो वरकड होता.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. असा संथपणा कोणाला परवडतो? राहुल राम दिल्लीच्या सेंट स्टीफन्समध्ये शिकले, मग आयआयटी कानपूरला, आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. बँड बुडाला असता तरी त्यांच्यावर उपाशी राहण्याची वेळ आली नसती. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाशी तुलना केली की हा फरक डोळ्यांत भरतो. फडही पूर्णपणे मंचावरच जगतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावोगावचे यात्रेकरी सुपाऱ्या द्यायला येतात आणि त्या काही आठवड्यांच्या यात्रांवर फडाचं वर्षाचं गणित बसतं किंवा कोसळतं. तिथल्या ढोलकीवाल्याला ‘हे गाणं अजून मुरू दे’ असं म्हणण्याची मुभा नाही. तेव्हा इंडियन ओशनची वाट कुणालाही चालता येईल असं म्हणणं खोटं ठरेल. शिक्षण, शहर, भाषा आणि ओळखीपाळखी यांनी त्यांना पहिली दहा वर्षं पुरवली. मात्र यातून निघणारा निष्कर्ष मूळ मुद्द्याला मारक नाही, उलट तो त्याला आधारच देतो: स्वातंत्र्य परवडावं लागतं. ज्यांना ते घरातून मिळत नाही त्यांच्यासाठी ते कार्यक्रमांच्या वाढत्या संख्येतून, बऱ्या सभागृहांतून, वेळेवर चुकत्या होणाऱ्या मानधनातून तयार करावं लागेल.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, आणि लोकसंगीतावर उभ्या असलेल्या कुठल्याही बँडकडे ते असेल असं वाटत नाही. ही गाणी कोणाची? ‘झिनी’च्या मुळाशी कबीराचं पद आहे. ‘कंदिसा’ ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्राचीन भाषेतली प्रार्थना. ‘मा रेवा’ हे नर्मदेचं स्तवन नर्मदाकाठच्या लोकांचं. राहुल राम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते, त्यामुळे हे गाणं त्यांनी ध्वनिफितींच्या कपाटातून उचललेलं नाही. त्याच काळात आपल्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्याशी झुंजत होतं. ज्या काठाची ती स्तुती, तोच काठ बुडत होता, हे माहीत असलेल्या श्रोत्याला ‘मा रेवा’ वेगळं ऐकू येतं. तरीही कायद्याचा हिशेब उरतोच. परंपरेनं चालत आलेल्या गाण्यावर कुणाचाही कॉपीराइट नसतो. त्याच्या नव्या बांधणीवर आणि ध्वनिमुद्रणावर मात्र असतो. म्हणजे बँडला आणि कंपनीला हक्क मिळतो, काठाला नाही. गाण्याचं मूळ सांगितलं म्हणजे ऋण फिटलं, असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र म्हणता येईल की शब्द आणि चाल उचलून मूळ पुसून टाकण्याची जी सवय चित्रपटसंगीताला दीर्घकाळ होती, तिच्यापेक्षा इथं वागणूक बरी आहे. ‘मा रेवा’ ऐकणाऱ्या शहरी पोराला निदान नर्मदेचं नाव तरी कळतं.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती गेले. त्यांचा खर्जातला, थोडा खरखरीत आवाज हीच अनेकांच्या लेखी बँडची ओळख होती. ‘खजूर रोड’मधली गाणी त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रित झाली होती, त्यामुळे फुकट वाटलेला तो अल्बम एका अर्थी त्यांचं शेवटचं दानही ठरला. 2013 मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडले. पहिली जोडी संपली. हिमांशू जोशी, तुहीन चक्रवर्ती आणि निखिल राव यांना घेऊन बँड चालत राहिला. 2014 मध्ये शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन अशा पाहुण्यांसह ‘तंदानु’ आला आणि 2023 मध्ये ‘तू है’. हा तोच बँड आहे का, यावर जुने चाहते भांडतात. माझं मत सांगतो: सुश्मित यांच्या गिटारची जागा भरली नाही, आणि ‘तंदानु’मध्ये पाहुण्यांच्या गर्दीत यजमान थोडे मागे पडले. पण बँड मोडला नाही, कारण गाणी एखाद्या तबकडीत गोठलेली नव्हती. दरवर्षी मंचावर वाजत असल्यानं नव्या वादकांना ती शिकता आली, जशी घराण्यातली बंदिश पुढच्या पिढीला मिळते.

आता पुन्हा 2010 च्या त्या निर्णयाकडे. फुकट वाटणं त्यांना जमलं कारण ते आधीच नावाजलेले होते, नवख्या बँडनं तसं केलं तर कुणी ढुंकूनही पाहणार नाही, असं म्हटलं जातं. खरं आहे. रेडिओहेड या ब्रिटिश बँडनं 2007 मध्ये ‘हवी ती किंमत द्या’ म्हणून अल्बम दिला, तोही आधी मोठ्या कंपनीच्या बळावर जगभर पोचल्यानंतरच. पण दरम्यान काळानं हा वाद निरर्थक केला. आज प्रत्येक नवखा बँड आपलं ध्वनिमुद्रण जवळजवळ फुकटच देत असतो, फक्त ते देण्याचा निर्णय त्याचा नसतो. स्पॉटिफायनं 2024 पासून असा नियम केला की वर्षभरात हजार वेळाही ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळणारच नाही. हजाराच्या वर गेलं तरी मिळते ती चिल्लर. इंडियन ओशननं जे समजून-उमजून केलं ते आता सगळ्यांच्या माथी आलं आहे, आणि मंचाची मिळकत हाच आधार उरला आहे. या आधारालाही तडे आहेत. 2020 च्या टाळेबंदीत सभागृहं बंद झाली आणि मंचावर जगणाऱ्यांचं उत्पन्न एका दिवसात शून्यावर आलं, मग तो बँड असो वा फड. महाविद्यालयांचे महोत्सव आणि कंपन्यांचे खासगी समारंभ पैसे चांगले देतात, पण तिथं लोक जेवत असतात आणि दहा मिनिटांचं गाणं कुणाला नको असतं. उरतो तो तिकीट काढून आलेला श्रोता.

मराठीतही आता लोकगीतं, अभंग, ओव्या घेऊन नवं काही बसवणारी तरुण मंडळी पुण्या-मुंबईत आणि बाहेरही आहेत. त्यांच्या कार्यक्रमाची वार्ता कळली की आयोजकाच्या ओळखीनं पास मिळतोय का ते पाहण्याची आपली जुनी खोड आहे. ती सोडा आणि तिकीट काढा.