देहाचा वाढीतील वाटा

पेडणे तालुक्यातील मोप्याचा सडा जांभ्या दगडाचा. मृगाच्या सरींनी अशा सड्यांवरील उथळ खळगे भरतात आणि त्यांत बेडूकमासे वळवळू लागतात. पुढे पावसाने ओढ दिली, की खळगे आटू लागतात. मग त्या जीवांनी काय करावे?

प्राण्याची वाढ म्हणजे बीजात आखून ठेवलेल्या आराखड्याची केवळ नक्कल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बेडूकमासा ती अपुरी ठरवितो. अनेक जातींत असे आढळले आहे, की पाणी घटू लागल्याचे शरीर ओळखते. मेंदूकडून अवटू ग्रंथीस चालना मिळते, तिचा स्राव वाढतो, आणि पाय फुटून शेपूट विरण्याची क्रिया लवकर उरकते. १९१२ साली गुडरनाच ह्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना अवटू ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ते अकालीच बेडूक झाले. ह्या घाईची किंमतही शरीरच मोजते; असा बेडूक बहुधा लहानखुरा राहतो. सारांश, बीज तेच असले तरी त्यातून कसा देह घडावा, हे ठरविण्यात घडणाऱ्या देहाचाही वाटा असतो.

परंतु ह्या सामर्थ्याला मर्यादा आहे. आटत्या पाण्याशी शरीर जुळवून घेईल. खळगाच बुजला, तर त्याचा उपाय चालत नाही. मोप्याच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरत आहेत. उरलेल्या सड्यांना पडीक म्हणण्यापूर्वी शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना पावसाळ्यात एकवार तेथे न्यावे.