थराथरांनीं रंगणारा चेहरा

व्यक्तिचित्र म्हटलें कीं ताणलेला कॅनव्हास, तेलरंगांचा वास आणि तासन्‌तास न हलतां समोर बसलेला मनुष्य असा देखावा वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. यांतील कांहींही जवळ नसतां, टेबलावरील संगणक आणि त्यास जोडलेली लेखणी एवढ्याच साहित्यावर चेहरा रंगवितां येतो, हें जुन्या मंडळींस खरें वाटत नाहीं. आम्हांसही वाटलें नव्हतें. परंतु गेल्या चातुर्मासांत आमच्या आजीचें चित्र आम्हीं ह्याच रीतीनें रंगविलें. त्या वेळीं जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

ह्या विद्येचें सारें मर्म ‘लेअर’ म्हणजे थर ह्या एका कल्पनेंत आहे. एकावर एक पारदर्शक कांचा ठेवाव्या. एकीवर रेघा, दुसरीवर रंग, तिसरीवर सावली काढावी, आणि वरून पाहणाऱ्यास मात्र एकच चित्र दिसावें, तसा हा प्रकार होय. फोटोशॉप ही चित्रणप्रणाली १९९० सालीं विक्रीस आली. तींत थरांची सोय १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत झाली. आज क्रिटासारख्या विनामूल्य प्रणालींतही ती आहे. कल्पना मात्र आपल्याकडे अगदींच अपरिचित नव्हे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेल्या शिळाछापखान्यांत प्रत्येक रंगास निराळा दगड लागे. तोच कागद एकामागून एक दगडावर दाबला जाई, तेव्हां घरोघरची लक्ष्मी आणि सरस्वती पूर्ण होई. भेद एवढाच कीं, कागदावर पडलेला रंग परत घेतां येत नसे. येथें तो केव्हांही घेतां येतो.

आजीचें छायाचित्र घरांत एकच होतें, आणि तें चौकटीच्या कांचेस चिकटलें होतें. आम्हीं प्रथम कांचेसकट त्याची प्रत संगणकांत घेतली, हें आमचें दैवच. कारण पुढें तें सोडवूं गेलों, तों चेहऱ्यावरील पापुद्रा कांचेबरोबर निघून आला.

ही प्रत सर्वांत खालच्या थरावर ठेवून त्या थरास कुलूप घातलें, म्हणजे चुकूनही तीवर लेखणी उमटूं नये. वरच्या थरावर पावसाळी ओलीचे डाग झांकले. त्यावर पांढऱ्या रंगाचा अर्धपारदर्शक पडदा पसरला, तेव्हां चेहरा धुक्यांतून दिसावा तसा दिसूं लागला. मग रेघांचा थर: डोळे, नाकाची कड, मिटलेले ओठ. रेघांच्या खालीं त्वचेचा एक आणि पदराचा एक, असे रंगांचे थर घातले. सावलीच्या थरास ‘मल्टिप्लाय’ हा गुण दिला. त्यामुळें खालचा रंग नाहींसा न होतां गडद होतो. सावलीस काळा रंग घेऊं नये, चेहरा मळकट दिसतो. तांबूस तपकिरी घ्यावा. शेवटीं उजेडाचा थर. मधून मधून सारें चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटें करून पाहावें, म्हणजे वांकडा गेलेला डोळा तत्काळ ध्यानांत येतो.

चित्र झाल्यावर आमच्या ऐंशी वर्षांच्या आत्यांस दाखविलें. त्यांनीं चष्मा पुसला, पुष्कळ वेळ पाहिलें, आणि म्हणाल्या, “डोळे आईचेच आहेत रे. पण हिचें गोंदण कोठें आहे?”

छायाचित्र आजोबांच्या मागचें, कपाळ मोकळें. भुवयांमधील बारीकसा ठिपका ओलीचा डाग समजून आम्हीं इतर डागांबरोबर झांकून टाकला होता.

“अण्णा गेल्यावर आईचें कुंकू गेलें,” आत्या म्हणाल्या. “गोंदण तेवढें राहिलें होतें. तेंही तुम्ही पुसलेंत होय?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. थरांच्या यादींत प्रत्येक थरासमोर डोळ्याचें एक चिन्ह असतें. तें दाबलें कीं तो थर दिसेनासा होतो. आम्ही एकेक डोळा मिटीत गेलों. उजेड गेला, सावली गेली, रेघा गेल्या, रंग गेले, पांढरा पडदा गेला, शेवटीं डाग झांकणारा थरही गेला. आणि सर्वांत खालीं, कुलुपांत, तो ठिपका होता तेथेंच होता. मग सारे डोळे पुन्हां उघडले, सर्वांच्या वर एक नवा थर घेतला, आणि आत्यांच्या देखत तेथें हिरवट निळा ठिपका दिला. “थोडा खालीं,” त्या म्हणाल्या. थोडा खालीं घेतला.

ज्यांस हें काम घरीं करून पाहावयाचें असेल, त्यांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मूळ प्रतीवर कधींही हात चालवूं नये. प्रत्येक दुरुस्ती निराळ्या थरावर करावी आणि त्या थरास नांव द्यावें. दुसरी गोष्ट अशी कीं, डाग कोणता आणि खूण कोणती, हें संगणक सांगत नाहीं. तें सांगणारें माणूस बहुधा घरांतच असतें, आणि त्याचेंही वय झालेलें असतें. त्यास चित्र पुरें झाल्यावर नव्हे, तर पहिला डाग झांकण्यापूर्वीं बोलवावें.