उघड्या दाराची प्रार्थना

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी आपली चिमुकली लेक मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. बातमी पुण्यात पोचली आणि एकच गहजब उडाला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली, १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केलेली ही बाई परमुलखात जाऊन धर्म सोडते, हे अनेकांच्या जिव्हारी लागले. काल ज्यांनी डोक्यावर घेतले, तेच आज तोंड फिरवू लागले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू मांडली, पण असे पाठीराखे विरळाच.

स्वकीयांनी दूर लोटले तरी चर्चने कवटाळले असेल, असा आपला समज होतो. खरी कहाणी त्याहून अवघड आहे. रमाबाईंना आपली श्रद्धा दोन्ही बाजूंनी राखावी लागली: ज्या समाजातून त्या आल्या त्याच्यासमोर, आणि ज्या चर्चमध्ये त्या गेल्या त्याच्यासमोरही.

हा निर्णय एका रात्रीत झाला नव्हता. वडिलांबरोबर तीर्थयात्रा करत त्यांचे बालपण गेले. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर त्यांनी अनवाणी देश पालथा घातला. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना स्त्रिया आणि शूद्रांविषयीची वचने पाहून त्यांचे मन विटले. भाऊ गेला. पुढे बिपिनबिहारी मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतल्या वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि दोन वर्षांच्या आत त्या विधवा झाल्या. इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला.

तिथे त्यांना हलवून सोडले ते फुलहॅममधल्या एका घराने. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनी तिथे आसरा देत, काम शिकवत, माणसांत आणत. असल्या स्त्रियांना कोणी माणुसकीने वागवताना रमाबाईंनी त्याआधी पाहिले नव्हते. ही दया कुठून येते, असे त्यांनी विचारले, तेव्हा भगिनींनी योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाई आणि येशू यांची विहिरीवरची भेट वाचून दाखवली. रमाबाईंच्या ख्रिस्तनिष्ठेचा पाया या दर्शनात आहे. नेहेम्या गोऱ्हे या धर्मांतरित चित्पावन पंडितांच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका फेडल्या, पण मनाने कौल दिला तो फुलहॅममध्ये.

बाप्तिस्म्यानंतर चर्चची अपेक्षा सरळ होती: आता निमूटपणे शिकावे, सांगितले ते मानावे. रमाबाईंनी ते केले नाही. त्रैक्याचा सिद्धान्त आपल्याला पटेल तसाच आपण स्वीकारू, असे त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून कळवत राहिल्या. मनोरमेवर कोणत्या पंथाचे संस्कार व्हावेत हे आईच ठरवील, यावर त्या ठाम होत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरायचा विषय निघाला, तेव्हा आपल्या संस्कृतात काय कमी आहे, असा त्यांचा सवाल होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅममध्ये त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे, या बेतावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नापसंती कळवली. आपण ख्रिस्ताचे आहोत, पण म्हणून धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दाला बांधलेल्या नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ही पत्रे १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आली. आश्रयदात्यांना इतक्या नम्रपणे आणि इतक्या सडेतोडपणे ‘नाही’ म्हणणारी लेखणी आपल्याकडे फार थोड्यांची.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या सोहळ्यासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींना आपापला आचार पाळू द्यायचा, ही अट होती. सल्लागारांत न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर होते.

वादळ उठले ते एका दारावरून. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलावत नसे आणि कोणी हाकलतही नसे. पुण्यात ओरड झाली. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. दार लावून घ्या, मुलींना येऊ देऊ नका, असे दडपण आले. रमाबाईंचे उत्तर असे की, ज्या मुलीला आपल्या देवाची पूजा करायला मी अडवत नाही, तिला माझ्या खोलीत यायलाही अडवणार नाही; आणि माझी श्रद्धा मी चोरून पाळणार नाही. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेले.

टीकाकारांचे म्हणणे निव्वळ द्वेषाचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. लहान वयाच्या, निराधार मुली जिच्या छत्राखाली राहतात, तिच्या श्रद्धेचे वजन त्यांच्यावर पडणारच. आणि काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हेही खरे. तरीही दुसरे टोक पाहिले पाहिजे. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली. त्याच १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि तीच आनंदीबाई कर्वे झाली. जिथे मुलगी आपला धर्म राखून शिकू शकली, पुन्हा संसार मांडू शकली, त्या घराला केवळ धर्मांतराचा कारखाना म्हणता येत नाही.

लोकांचा रोष ओढवला म्हणून रमाबाईंनी काम आवरले नाही. त्यांनी ते वाढवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग आला, तेव्हा दौंडजवळच्या केडगावी त्यांनी या मुलींचा संसार थाटला. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, अंधांची शाळा असे सारे उद्योग बायका चालवत. तिथेच कृपा सदन होते, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी. फुलहॅममध्ये जे पाहिले, ते त्यांनी भीमा खोऱ्यात उभे केले.

शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांतून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. जुळणीपासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. पुढे १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

श्रद्धेवर ठाम राहणे म्हणजे आवाज चढवणे असा समज आज सगळ्याच धर्मांत बोकाळला आहे. रमाबाईंचा ठामपणा निराळा होता. वाचल्याशिवाय, तपासल्याशिवाय त्यांनी काही मानले नाही. मानले ते उघडपणे मानले आणि त्याची किंमत स्वतः मोजली: मित्र, देणग्या, लौकिक, सगळ्यांत. बिशपांपुढे जे स्वातंत्र्य त्यांनी मागितले, तेच आपल्या घरातल्या विधवा मुलीला देणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. ज्याला स्वतःच्या विवेकाची कदर आहे, त्याला दुसऱ्याच्या विवेकाचीही कदर करावी लागते. नाहीतर निष्ठेचा हट्ट व्हायला वेळ लागत नाही. ख्रिस्ती असोत वा नसोत, बहुमताविरुद्ध उभे राहण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्या सर्वांना रमाबाईंकडून एवढे तरी घेता येईल.