प्रज्योत-दोष संरक्षण

घरगुती विद्युत् तारकामात नको त्या ठिकाणी निर्माण होणारी प्रज्योत ओळखून, आग लागण्यापूर्वी विद्युत् पुरवठा तोडण्याची व्यवस्था. दोन संवाहकांमधील सूक्ष्म फटीतील वायूचे आयनीभवन होऊन तीतून प्रवाह वाहू लागला म्हणजे प्रज्योत निर्माण होते. तिचे तापमान काही हजार अंश से. असते, त्यामुळे तारेचे निरोधक आवेष्टन, लाकूड किंवा कापड पेट घेऊ शकते.

दोषाचे प्रकार : तार तुटल्यास किंवा अग्रावरील स्क्रू सैल झाल्यास एकाच संवाहकाच्या मार्गात एकसरी प्रज्योत उद्‌भवते. खिळा घुसून, फर्निचरखाली चेंगरून किंवा उंदराने कुरतडून निरोधक निकामी झाल्यास दोन तारांमध्ये अनेकसरी प्रज्योत उद्‌भवते. उष्णतेने निरोधकाचे कार्बनीभवन होते व कार्बनाचा हा थर विद्युत् संवाहक असल्याने दोष बळावत जातो.

वितळतार [⟶ वितळतार] व लघु मंडल खंडक (एमसीबी) ही साधने प्रवाहाची केवळ मात्रा पाहतात. एकसरी प्रज्योतीतील प्रवाह उपकरणाच्या भारानेच मर्यादित होतो. तो नेहमीपेक्षा किंचित कमीच असतो. अनेकसरी प्रज्योतीतील प्रवाह मोठा असला, तरी तो तुटक असल्याने खंडक वेळेवर कार्य करीलच असे नाही. जमिनीकडे होणारी गळती ओळखणाऱ्या खंडकालाही, गळतीच नसल्यास, हे दोष कळत नाहीत.

कार्यपद्धती : ५० हर्ट्झ कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्य होतो. दर वेळी प्रज्योत विझते व दाब पुरेसा वाढल्यावर पुन्हा पेटते. त्यामुळे शून्याजवळ प्रवाहाचा आलेख काही क्षण सपाट राहतो. शिवाय प्रवाहात उच्च कंप्रतेचा अनियमित गोंगाट मिसळतो. संरक्षक साधनातील सूक्ष्मप्रक्रियक या खुणा तपासतो. स्विच उघडताना उडणारी ठिणगी क्षणिक असते. छिद्रण यंत्र किंवा निर्वात झाडू यांच्या चलित्रातील ब्रशांपाशीही ठिणग्या पडतात. या निरुपद्रवी ठिणग्या वगळून दोष निवडणे हा अभिकल्पातील कठीण भाग असून, त्यात चूक झाल्यास पुरवठा विनाकारण खंडित होतो.

मानके : अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेच्या १९९९ च्या आवृत्तीत शयनगृहांतील विद्युत् निर्गमांसाठी हे संरक्षण विहित करण्यात आले व १ जानेवारी २००२ पासून ते लागू झाले. २००८ च्या आवृत्तीत त्याची व्याप्ती दिवाणखाना, भोजनकक्ष इ. खोल्यांपर्यंत वाढविण्यात आली. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाचे ६२६०६ क्रमांकाचे मानक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २३० व्होल्ट दाबाच्या मंडलात २·५ अँपिअरची प्रज्योत १ सेकंदात, तर ३२ अँपिअरची ०·१२ सेकंदात खंडित व्हावी लागते. प्रवाह जितका मोठा तितका अवधी कमी, कारण प्रज्योतीतून बाहेर पडणारी ऊर्जा पेट घेण्याच्या मर्यादेखाली ठेवावयाची असते.

मर्यादा : सैल जोडावरील धातूचे ऑक्सिडीभवन होऊन तो प्रज्योतीविनाच लालबुंद तापू शकतो. अशा वेळी प्रवाहाच्या आकारात ओळखण्याजोगा बदल होत नाही व साधन निष्क्रिय राहते. म्हणून हे संरक्षण वितळतार, मंडल खंडक व भूयोजन यांना पूरक आहे, पर्यायी नाही. घट्ट जोड, योग्य जाडीची तार व जुन्या तारकामाची वेळोवेळी तपासणी यांची आवश्यकता त्याने कमी होत नाही.