पंचनाम्याला हजर

ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' हा 1958 सालचा चित्रपट मी प्रथम पाहिला तो प्रेक्षागृहातल्या खुर्चीवरून नव्हे, तर प्रोजेक्शनच्या केबिनमधून, भिंतीतल्या वीतभर काचेपाशी उभे राहून. कारण फिल्म सोसायटीच्या रविवार सकाळच्या त्या खेळाला खाली पाय ठेवायला जागा नव्हती आणि ऑपरेटर जुन्या परिचयाचे असल्यामुळे त्यांनी, "कशाला हात लावू नका म्हणजे झालं," एवढ्या एकाच अटीवर मला आत घेतले होते.

केबिनमध्ये दोन यंत्रे होती. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचे रीळ दात्यांवरून, गेटमधून, पुन्हा दात्यांवरून ओवून सज्ज ठेवायचे, मधूनमधून काळ्या काचेतून डोकावून कार्बनच्या कांड्यांमधले अंतर सारखे करायचे, रीळ सरत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात निमिषमात्र उमटणारा ठिपका हेरून दुसऱ्या यंत्राची मोटर सोडायची आणि सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच प्रकाश आणि ध्वनी यांचा कारभार एका यंत्राकडून दुसऱ्याकडे असा सोपवायचा, की खालच्या मंडळींना त्याचा सुगावाही लागू नये. या गृहस्थांनी शेकडो चित्रपट असे तुकड्यातुकड्यांनी पाहिलेले असणार.

पडद्यावर पहिल्याच क्षणी एका हाताने सुरुंगाचे घड्याळ लावले, तो सुरुंग एका मोटारीच्या डिकीत गेला, मोटार सुरू झाली आणि कॅमेरा क्रेनवर चढून छपरांवरून, कमानींवरून, शेळ्यांच्या कळपामागून आणि पायी चाललेल्या एका नवविवाहित जोडप्याच्या बरोबरीने मेक्सिकोच्या सरहद्दीवरील नाक्यापर्यंत निघाला. तीन मिनिटांहून अधिक काळ, म्हणजे सुमारे तीनशे फूट फिल्म संपेपर्यंत, कोठेही कात्री लागली नाही. नाक्यावरच्या अंमलदाराचे काम करणारा नट आपले दोन शब्द पुनःपुन्हा चुकवी, त्यामुळे सारी रात्र याच एका दृश्यात गेली आणि अखेर पहाटेच्या तोंडावर ते जमले, असे सांगतात. (स्टुडिओने या दृश्यावर श्रेयनामावली छापली. वेल्सने अठ्ठावन्न पानांचे निवेदन धाडून आपले आक्षेप कळवले. परंतु त्या टिपणाबरहुकूम फेरसंकलन व्हायला 1998 साल उजाडले, आणि तोवर वेल्सला जाऊन तेरा वर्षे लोटली होती.)

हे सरहद्दीवरचे ओंगळ गाव वास्तविक कॅलिफोर्नियातील व्हेनिस होय. इटलीतल्या व्हेनिसची प्रतिकृती म्हणून 1905 साली कालव्यांसह वसवलेले, पुढे जमिनीत तेल लागल्यावर पंपांनी वेढले गेलेले आणि 1957 च्या चित्रीकरणापर्यंत पुरते कळाहीन झालेले. त्या जीर्ण कमानींच्या सावल्या, वाऱ्यावर उडणारी रद्दी आणि उघडझाप करणारे निऑनचे फलक छायाचित्रकार रसेल मेटीने रुंद कोनाच्या भिंगातून असे टिपले आहेत, की जवळ आलेला माणूस राक्षसासारखा वाढतो आणि दोन पावले मागे सरताच बोटाएवढा होतो. हँक क्विन्लन हा लठ्ठ, लंगडा, घामट पोलीस अधिकारी वेल्सने स्वतः रंगवला. त्याचा पुष्कळसा देह गादीचा आणि नाक खोटे. ही सगळी घाण अत्यंत काटेकोर शिस्तीने रचलेली आहे. चार्ल्टन हेस्टनच्या तोंडाला तपकिरी रंग फासून त्याला मेक्सिकन अधिकारी व्हर्गास ठरवणे मात्र मला अखेरपर्यंत पटले नाही, आणि मोटेलातल्या एका भेदरट कारकुनाचे अंगविक्षेप तर सरळ कमी करण्याजोगे होते.

चित्रपटाचा खरा कस लागतो तो त्या सुरुंगाच्या प्रकरणातील एका संशयित तरुणाच्या बिऱ्हाडात. झडती चालू आहे, माणसे एकमेकांना ढकलत खोल्यांतून वावरत आहेत आणि कॅमेरा कापाकापी न करता त्यांच्या मागोमाग हिंडतो आहे. व्हर्गास न्हाणीघरात जातो. त्याचा धक्का लागून जोड्यांचा पुठ्ठ्याचा खोका खाली पडतो. खोका रिकामा. तो उचलून जागेवर ठेवतो आणि बाहेर येतो. थोड्या वेळाने त्याच खोक्यात सुरुंगाच्या दोन कांड्या सापडल्याचे जाहीर होते! दृश्य तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असते, तर मधल्या फटीत काय घडले असेल याचा संशय प्रेक्षकाने दिग्दर्शकावर घेतला असता. येथे रिकामा खोका आपण अखंड दृश्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे संशयाला क्विन्लनवाचून दुसरे घर उरत नाही. रहस्यपटांत आपण सहसा नुसते बघे असतो, येथे मात्र आपल्याला पंच म्हणून हजर ठेवले आहे, आणि खोट्या पंचनाम्याला हजर असलेल्या पंचाची जी चुळबूळ होते तीच पुढचा तासभर आपल्याला जागचे हलू देत नाही. यापुढे कोण कोणाला मारतो हे सांगणे शिष्टाचाराला सोडून होईल.

खेळ संपल्यावर रिळे उलटी गुंडाळता गुंडाळता ऑपरेटर म्हणाले, "त्या लंगड्या साहेबाच्या मागं तो व्हर्गास एवढा हात धुऊन का लागला होता? माल तर घरातच सापडला होता की."

मी चकित झालो. खोका पडला तेव्हा ते दुसऱ्या यंत्रापाशी पाठमोरे उभे राहून पुढचे रीळ ओवत होते. त्यांच्या लेखी मुद्देमाल रीतसर मिळालेला होता आणि एका कर्तबगार, वयोवृद्ध अधिकाऱ्याचा परक्या मुलखातील एका आगंतुकाने नाहक छळ मांडला होता. त्या समजुतीनेही चित्रपट त्यांना शेवटपर्यंत सुसंगत वाटला, हे विशेष. मी खोक्याची हकीकत सांगितली. त्यांनी हातातले काम थांबवले, डबा पुन्हा उघडून त्यावरचा रिळाचा क्रमांक पाहिला आणि म्हणाले, "संध्याकाळी आणखी एक खेळ आहे. तुम्ही या खिडकीशी उभे राहा, खोका पडायची वेळ आली की मला हाक मारा. ओवायचं काम दोन मिनिटं मागं राहिलं तरी चालेल."