देवघरातल्या चित्राचा रंग का उडतो?

छापखाना : राजा रविवर्मा यांनी १८९४मध्ये जर्मन यंत्रे आणून मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथली देवादिकांची चित्रे चाळीतल्या खोल्यांपर्यंत पोहोचली.

नवे रंग : १८५६मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरातल्या ॲनिलिनपासून जांभळा रंग मिळाला. पाठोपाठ आलेले किरमिजी, गुलाबी रंग कापडात आणि छपाईच्या शाईत शिरले. दिसायला झगझगीत, टिकायला कच्चे.

बिघाड : प्रकाश, विशेषतः अतिनील किरण, आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रंगाचा रेणू मोडतात. दमट हवेत हे काम आणखी वेगाने होते. इओसिनसारखे गुलाबी रंग आधी जातात. अल्ट्रामरीन निळा आणि काजळीचा काळा तग धरतात. म्हणून जुन्या छापील चित्रांत गाल-ओठ फिके पडतात, केस मात्र काळेभोर राहतात.

ओळख : चौकटीच्या पट्टीखाली झाकलेली कड पाहा. तिथला रंग गडद असेल, तर उरलेला उडाला आहे.

जपणूक : संग्रहालयांत अशा कागद-कापडावर साधारण ५० लक्सच प्रकाश ठेवतात. घरी चित्र उन्हापासून आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब लावा. गेलेला रंग परत येत नाही. आहे तो जपा.