आजोबांचा वस्तरा आणि शेतातला कोयता



नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव या आपल्या पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळ्यावरची पेटी उघडली, की फेरफाराचे कागद आणि जुनी भांडी यांच्यासोबत कधी कधी एक घडीचा वस्तरा निघतो. पाते तांबारलेले, मूठ शिंगाची नाहीतर सेल्युलॉईडची, आणि पात्याच्या दांडीवर पुसट झालेली अक्षरे. पोरे म्हणतात, भंगारात टाका. थांबा! भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी दोन गोष्टी ऐका. त्यातली एक वस्तऱ्याची आहे, दुसरी थेट तुमच्या उसाच्या बेण्याची.

बलुतेदारीच्या काळात न्हावी, म्हणजे आपल्याकडचा म्हाली, काखेत धोकटी मारून घरोघर येई आणि सुगीला खळ्यावर आपले बलुते नेई. धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, वाटी, आरसा आणि दगड. वस्तऱ्याची धार हीच त्याची अब्रू. हे हत्यार नुसते दाढीपुरतेही राहिले नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. हातातले हत्यार कुठे चालवायचे आणि कुठे नाही, हे कारागिरानेच ठरवले.

चांगल्या वस्तऱ्यांसाठी इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही गावे नावाजलेली. अमेरिकेत १९०३ साली जिलेटचा सुटी पाती बसवायचा रेझर विक्रीला आला आणि घडीचा वस्तरा हळूहळू पेटीत गेला. पण जुने पोलाद चांगले असेल तर ते आजही जागे करता येते. कसे, ते क्रमाने पाहू.

पहिले काम पारखण्याचे. उजेडात धरून धारेकडे पाहा. पात्याला तडा असेल तर आशा सोडा, ते शोभेला ठेवा. बारीक खांडे घासून निघतात. काळसर डाग पोलादाला फारसे बाधत नाहीत. लाल गंज मात्र आत खात जातो. तो ऐन धारेवर खोल गेला असेल, तर घासता घासता धार पुन्हा पुन्हा तुटते.

दुसरे काम सफाईचे. पात्यावर रॉकेल किंवा शिलाई मशीनचे तेल लावून थोडा वेळ मुरू द्या. मग बारीक पॉलिश कागदाने घासा, पण हात नेहमी पाठीकडून धारेच्या बाजूला आणि बोटे धारेपासून लांब. धारेच्या दिशेने हात घसरला तर दाढीआधी बोट जाईल! दांडीवरचे नाव घासून घालवू नका. मूठ सेल्युलॉईडची असेल तर ती चुलीपासून, दिव्यापासून दूर ठेवा. सेल्युलॉईड भडकन पेटते.

आता सर्वांत महत्त्वाचे. वस्तरा बाजारातल्या फिरत्या चाकावर कधीही देऊ नका. लोहाराने पोलाद तापवून, विझवून पात्याला ‘पाणी’ दिलेले असते. धार कागदापेक्षाही पातळ असते, चाकावर ती क्षणात तापते. ती निळी पडली, की समजा पाणी उतरले. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. कोयता जाड असतो, तो चाक थोडेफार सोसतो. वस्तरा सोसत नाही.

तिसरे काम धार पाजवण्याचे. दगड अगदी सपाट हवा. मधे खोलगट झालेला दगड वस्तऱ्याला चालत नाही. पाण्याने दगड भिजवा आणि पाते आडवे ठेवा, असे की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतील. वस्तऱ्याची खुबी इथेच आहे. पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते, सुमारे सोळा-सतरा अंशांचा. तुम्हाला कोन मोजायचा नाही, फक्त पाठ उचलायची नाही. धार पुढे ठेवून न्या, टोकाला पाठीवर पालटा आणि परत आणा. जोर नको, हाताचे वजन पुरे. आधी हजार नंबरचा दगड, मग चार हजार, मग आठ हजार. पहिल्याच दगडावर धार टोकापासून टाचेपर्यंत सारखी लागली नाही, तर पुढचे दगड काही करू शकत नाहीत. पाया कच्चा, तर वरची भिंत कशी टिकेल?

चौथे काम पट्ट्याचे. कातड्याचा पट्टा ताणून धरा आणि आता उलटे करा : पाठ पुढे, धार मागे. चाळीस-पन्नास फेरे पुरेत. इथे धार पुढे नेली तर पट्टा कापला जातो आणि धारही मोडते. दाढी करताना पाते गालाशी सुमारे तीस अंशांत धरायचे. काम झाले की धुऊन, कोरडे पुसून, तेलाचा हात द्यायचा.

आता जोखमीची बाजू. हा वस्तरा एकाच माणसाचा. बापाचा लेकाने, भावाचा भावाने वापरू नये. दाढीत डोळ्यांना न दिसणारी जखम होते आणि पात्यावर रक्ताचा अंश राहतो. हिपॅटायटिस ‘बी’ या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. नुसते पाण्याने धुतले म्हणजे भागले, असे नव्हे. म्हणूनच दुकानात गिऱ्हाईकागणिक नवे अर्धे पाते लावण्याची रीत आली. दुकानात बसताना नवे पाते लावायला सांगा. त्यात न्हावीदादांचा अपमान नाही, दोघांचाही बचाव आहे.

आणि इथेच वस्तऱ्याची गोष्ट उसाच्या फडात येते. माणसाच्या रक्ताचे जे, तेच उसाच्या रसाचे. ‘रटून स्टंटिंग’ नावाचा, खोडव्याची वाढ खुंटवणारा जिवाणूजन्य रोग बेण्यातून तर पसरतोच, शिवाय कोयत्याच्या पात्यावरच्या रसातूनही पसरतो. वाईट असे, की बाहेरून ठळक लक्षण दिसत नाही. ऊस बारीक राहतो, खोडवा मार खातो आणि आपण दोष देतो खताला नाहीतर पाण्याला. एका रोगट उसावर चाललेला कोयता पुढच्या निरोगी कांड्यांना रोग टोचत जातो.

तेव्हा बेणे तोडण्याचा कोयता वेगळा ठेवा. त्याला धार चांगली असू द्या. बोथट कोयत्याने कांडी चिरते, डोळा दुखावतो आणि फाटलेल्या जागी कूज शिरते. एका प्लॉटमधून दुसऱ्या प्लॉटमध्ये जाण्याआधी पाते घासून धुवा आणि जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवा. शक्य असेल तिथे उष्ण प्रक्रिया केलेल्या बेणेमळ्यातलेच बेणे घ्या. ५० अंश सेल्सिअस गरम पाण्यात दोन तास बेणे ठेवण्याची प्रक्रिया या रोगावर परिणामकारक आहे. मात्र प्रक्रिया केलेले बेणे घाणेरड्या कोयत्याने तोडले, तर सगळी मेहनत वाया.

तर मंडळी, पेटीतला वस्तरा निघाला तर त्याला तेल लावा, सावकाश पाजवा, एकट्यानेच वापरा. हौस नसेल तर पुसून जपून ठेवा. आणि लागवडीच्या आदल्या संध्याकाळी कोयत्याला धार लावाल, तेव्हा बाजूला जंतुनाशकाची बादलीही भरून ठेवा. हत्यार धारदार हवे, तसेच ते स्वच्छही हवे.